ओदीलच्या नावचा चेक

१

चेक हरवलाय हे कळायलाच नऊ दिवस गेले.

शुक्रवारी सकाळी कोरीन प्लूर्दनं ग्रंथालयाचं दार उघडलं, आणि अंगातला कोट काढायच्या आत वकील इंग्रिड सँडस्ट्रॉम तिच्यामागोमाग आत आली. इंग्रिडचा चेहरा रात्रभर झोप न झालेल्या माणसाचा होता. तिनं खुर्ची ओढली आणि बसायच्या आधीच सांगायला सुरुवात केली.

लोक आपली दुखणी घेऊन कोरीनकडे का येत, त्याला कारण होतं. एकतीस वर्षं ती सोशल सिक्युरिटीच्या कचेरीत खिडकीमागे बसली होती. अपंगांचे, विधवांचे, म्हाताऱ्यांचे अर्ज तिच्या हाताखालून गेले होते. निवृत्त झाल्यावर ती मंगळवारी आणि शुक्रवारी गावच्या ग्रंथालयात, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायची. सरकारी पत्र आलं की खोऱ्यातली माणसं आधी तिच्याकडे यायची आणि मग घाबरायची.

इंग्रिडचं म्हणणं थोडक्यात असं होतं. ओदील सीर ही तिची अशील. वय बावन्न. जन्मापासून हातापायांवर ताबा नाही, तोंडानं बोलता येत नाही. गेल्या वर्षी अपंगांना नेणाऱ्या बसचा, खुर्ची वर चढवणारा पाळणा तुटला, ओदील खुर्चीसकट खाली आली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. बसकंपनीनं खटला न लढवता तडजोड केली. चौऱ्याण्णव हजार डॉलर. हे पैसे ओदीलच्या हातात पडायचेच नव्हते. ते सरळ एका ट्रस्टमध्ये जायचे आणि तिथून तिच्या गरजांसाठी खर्च व्हायचे. तसे कागद ऑगस्टमध्येच झाले होते.

"दोन हजारांच्या वर तिच्या नावावर काही दिसलं की संपलं," इंग्रिड म्हणाली. पुढचं तिनं सांगायची गरज नव्हती. सरकार ओदीलला दरमहा पैसे द्यायचं आणि वैद्यकीय मदत द्यायचं, ते ती गरीब होती म्हणून. गरिबी संपली की मदत संपली. आणि वैद्यकीय मदत म्हणजे नुसत्या गोळ्या नव्हेत. ओदीलला उठवणारी, न्हाऊ घालणारी, भरवणारी फेर्नांद, तिचा पगारही त्यातूनच निघायचा.

काल इंग्रिडनं विमावाल्यांना चेकचं काय झालं म्हणून विचारलं, तर त्यांनी सांगितलं, तो तर पाठवला. तुमच्या अशिलाच्या नावानं, तिच्या घरी. तिनंच तसं लिहून कळवलं होतं. कुणा नवख्या कारकुनानं वकिलाला न विचारता ते पत्र खरं मानलं होतं. चेक पंधरा तारखेला, बुधवारी, सीरांच्या फाटकावरच्या टपालपेटीत पडल्याची नोंद होती. बँकेत तो कुणी भरला नव्हता. आणि घरात तो कुणी पाहिला नव्हता.

इंग्रिडनं त्या पत्राची प्रत टेबलावर ठेवली. पाकिटावर टपालाची तारीख चोवीस सप्टेंबर. मजकूर छापलेला.

"चेक माझ्या नावानं काढा. ट्रस्टच्या नको. घरी पाठवा. ओदील सीर."

खाली सहीचा रबरी शिक्का. ओदीलला पेन धरता येत नाही म्हणून बँकेनं तो मान्य केला होता. शिक्का डावीकडे कलंडलेला होता.

"आज चोवीस तारीख," कोरीन म्हणाली. "एकतीसच्या आत तो चेक ट्रस्टमध्ये गेला तर या एकाच महिन्याचे पैसे जातील, तेवढ्यावर भागेल. एक तारीख उजाडली की तो चेक तिची मालमत्ता."

"नवा चेक काढायला ते सहा आठवडे मागतात. चोरी झाली म्हणावं, तर ते सरकारला पटवून देण्यात वर्ष जाईल." इंग्रिडनं खुर्ची पुढे घेतली. "आणि चोरी म्हटलं की मला पोलिसांत जावंच लागेल, मादाम प्लूर्द. घरातल्याच माणसावर संशय आला की चौकशी होईपर्यंत ते ओदीलला त्या घरात ठेवत नाहीत. उचलून कुठल्यातरी संस्थेत नेतील."

तिनं सोमवार दुपारपर्यंत थांबायचं कबूल केलं. त्यापुढे तिचा नाइलाज होता.

२

सीरांचं घर नदीकाठच्या रस्त्यावर, गावाच्या शेवटाला. कोरीन पोचली तेव्हा फेर्नांद तव्यावर प्लॉय घालत होती, कुट्टूच्या पिठाची पिवळसर, जाळीदार घावनं. ओदील खिडकीशी तिच्या खुर्चीत होती. खुर्चीला लोखंडी हातावर पाटीएवढा पडदा बसवलेला. त्या पडद्यावरची अक्षरं ती नजरेनं वेचायची आणि वाक्य पुरं झालं की यंत्र ते एका परक्या बाईच्या आवाजात बोलायचं. एकेका अक्षराला वेळ लागायचा.

कोरीननं तिच्या खांद्यावर हात ठेवून कशी आहेस म्हणून विचारलं. पडद्यावर एक अक्षर उमटलं. तेवढ्यात रेआल आतून आला आणि कोरीन त्याच्याकडे वळली.

रेआल ओदीलचा धाकटा भाऊ. एकोणपन्नास वर्षांचा, बटाट्याच्या ट्रकवर चालक. वीस वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तो दक्षिणेला, कनेटिकटमध्ये विमानांच्या कारखान्यात कामाला होता. अंत्यविधीला म्हणून आला, तो परत गेलाच नाही. लग्नही राहून गेलं. गावात त्याच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस शोधून सापडला नसता.

पण कोरीनला फ्रिजच्या बाजूला भिंतीशी अडकलेला एक कागद दिसला. मधून फाडलेला आणि पुन्हा चिकटवलेला. छप्पर बदलायचा अंदाजखर्च, अठरा हजार.

तिनं त्याला आतल्या बोळात नेऊन विचारलं. रेआलच्या खोलीचं दार उघडं होतं. पलंगाशेजारी बादली, बादलीत दोन बोटं पाणी, आणि गादीच्या एका कडेला मोठा तपकिरी डाग.

"हो, विचारलं होतं मी वकीलबाईंना," तो म्हणाला. "ऑगस्टमध्ये. म्हटलं, ट्रस्टमधून छप्पर होईल का. त्या म्हणाल्या, घर तुझं, गळती तुझ्या खोलीत, पैसे तिचे. मुळीच होणार नाही. मी कागद फाडला."

"मग चिकटवला कुणी?"

"फेर्नांदनं असेल. तिला काही टाकवत नाही."

चेकबद्दल त्याला काही ठाऊक नव्हतं. शिक्का कुठे असतो विचारलं तर म्हणाला, टेबलाच्या खणात असेल, नाही तर औषधांच्या कपाटात; फेर्नांदला विचारा. मग आवाज खाली करून, स्वतःचीच लाज वाटल्यासारखं, तो म्हणाला की बुधवारी फेर्नांद खरेदीला म्हणून चार तास जाते आणि एक पाव घेऊन परत येते.

"एका पावाला चार तास लागतात का हो, मादाम?"

३

फेर्नांद दागल एकोणीस वर्षं त्या घरात येत होती. बोलायला बसली की एका वाक्याची दहा करायची. कोरीननं तिला मागच्या ओट्यावर गाठलं तेव्हा मात्र तिचे शब्द मोजून येऊ लागले.

पत्राची प्रत तिनं लांब धरून पाहिली आणि पहिल्यांदा नाक मुरडलं. शिक्का कसा लावलाय बघा, म्हणाली. तो स्वयंपाकघरातल्या चमच्यांच्या खणात असायचा आणि ती दरवेळी खाली पट्टी धरून लावायची, कारण एकदा बँकेनं वाकडी सही म्हणून कागद परत पाठवला होता. मग बुधवारचा विषय निघाला आणि तिनं एप्रनच्या खिशातून दवाखान्याच्या चिठ्ठ्या काढल्या. गुडघे. दोन्ही. वर्षभर ती दर बुधवारी व्यायाम करून घ्यायला जात होती आणि कुणाला कळू देत नव्हती. ज्या बाईचे गुडघे गेलेत तिला ओदीलला उचलायचं काम कोण देईल? चोवीस सप्टेंबरची चिठ्ठी होती, पंधरा ऑक्टोबरचीही होती.

म्हणजे दोन्ही बुधवारी ती घरात नव्हती. कोरीननं चिठ्ठ्या परत दिल्या आणि हे आपल्यापाशीच राहील म्हणून सांगितलं. मग तिनं पोलिसांची आणि संस्थेची गोष्ट काढली. सांगायला नको होतं, असं तिला लगेच वाटलं. फेर्नांद ओट्याच्या पायरीवर बसली, गुडघ्यांना धरून, हळूहळू.

"रेआलनं घेतला असेल तर छपरासाठी घेतला असेल," ती म्हणाली. "दोन हिवाळे तो त्या बादलीशेजारी झोपतोय. कोरडी खोली ओदीलला दिली."

"त्यानं घेतला असं मी म्हटलं नाही."

"मग असं लिहा. फेर्नांद दागलनं घेतला. मी कबूल करते. मला नेलं तरी ती दोघं घरात राहतील."

४

शनिवारी सकाळी आठ वाजता रेआल कोरीनच्या दारात उभा. टोपी हातात. चेक त्यानं घेतलाय, फेर्नांदचा काही संबंध नाही, असं तो पाठ केल्यासारखं म्हणाला.

कोरीननं त्याला कॉफी दिली. शिक्का कुठून घेतलास म्हणून विचारलं. टेबलाच्या खणातून. चेक आता कुठे आहे? जाळला. कशाला जाळलास? कॉफी पिऊन तो गेला.

दोन माणसं, दोन कबुल्या, आणि दोन्ही खोट्या. कोरीनला त्या दोघांचा रागही येत होता आणि मायाही वाटत होती. खिडकीमागच्या एकतीस वर्षांत तिनं माणसांना पैशांसाठी खोटं बोलताना पुष्कळ पाहिलं होतं. हे खोटं वेगळं होतं.

त्या घरात नेमानं येणारा आणखी एकच माणूस होता. समोरच्या घरातले आल्सीद व्होआझीन, वय चौऱ्याऐंशी. फेर्नांद बुधवारी बाहेर पडली की ते ओदीलपाशी येऊन बसायचे आणि दोघं क्रिबेज हा पत्त्यांचा डाव खेळायची. रविवारी प्रार्थना आटोपल्यावर कोरीन त्यांच्याकडे गेली. तिला सगळं गाव मादाम म्हणे. आल्सीद एकटे तिला नावानं हाक मारत, कारण त्यांनी तिला लहानपणी बर्फात नाक गळताना पाहिलं होतं.

त्यांनी डाव्या हातानं किटली उचलून कॉफी ओतली आणि बोलायला लागले. मोतीबिंदूपासून गाडी बंद झाली, आता बँकेत जायचं तर चर्चची गाडी बुधवारी जाते तिची वाट बघावी लागते, इथपासून सुरुवात करून ते पंचेचाळीस सालच्या पुरापर्यंत जाऊन आले. कोरीननं त्यांना मधेच ओदीलच्या खेळावर आणलं.

"फार धीट खेळते," ते म्हणाले. "पत्ते मी धरतो, ती सांगते ते पान टाकतो. मागच्या बुधवारी हातात पंजांची जोडी होती. जोडी मोड म्हणाली. मला दिसत होतं की डाव जाणार. गेला."

"मग सांगायचं ना तिला."

"का म्हणून? पत्ते तिचे आहेत, कोरीन."

टपालपेटीशी कुणाला पाहिलंत का, असं तिनं विचारलं. दुसऱ्या कुणाला पाहिलं नाही, असं ते म्हणाले. मग कप खाली ठेवून, तिनं न विचारताच, त्यांनी सांगितलं की ओदीलच्या घरातली काडीसुद्धा आपण तिनं सांगितल्याशिवाय इकडची तिकडे केलेली नाही.

कोरीन निरोप घेऊन निघाली. घरी जायच्या ऐवजी ती ग्रंथालयाकडे वळली, कारण इंग्रिडला दाखवायला ट्रस्टविषयीचा नियम तिला छापून हवा होता. किल्ली तिच्याकडेच असायची. यंत्र घरघरलं, कागद बाहेर आला. त्याच्या डाव्या कडेला वरून खालपर्यंत एक पुसट करडा पट्टा होता. उन्हाळ्यापासून ते यंत्र तसाच पट्टा ओढत होतं आणि दुरुस्तीला पैसे नव्हते.

तिनं पिशवीतून विमावाल्यांना गेलेल्या पत्राची प्रत काढली आणि शेजारी ठेवली.

तोच पट्टा. तीच जागा. ते पत्र तिच्याच ग्रंथालयात छापलं गेलं होतं.

५

बराच वेळ ती त्या दोन कागदांकडे बघत बसली.

घरच्या संगणकावरून कुणी काही छापायला पाठवलं की ते ग्रंथालयाच्या यंत्रातून बाहेर येई आणि मंगळवारी कोरीनच ते घडी घालून ज्याचं त्याला देई. वाचायचं नाही, हा नियम तिनंच घातला होता. सप्टेंबरच्या चौथ्या मंगळवारी मोठ्या अक्षरांतल्या काउबॉयांच्या कादंबऱ्या बदलायला कोण आलं होतं, हे तिला आठवायची गरज नव्हती. ते दर मंगळवारीच यायचे. शेजारणीचा एक कागद आहे म्हणाले होते. तिनं तो स्वतःच्या हातानं त्यांना दिला होता.

फेर्नांद ग्रंथालयात कधी आलीच नव्हती. रेआल शाळा सुटल्यावर एकदाही नाही. शिक्का डावीकडे कलंडलेला, आणि किटली डाव्या हातात. दोन्ही वेळा बुधवार. घरात फेर्नांद नाही, रेआल ट्रकवर. टपालपेटीशी आल्सीदना दुसरं कुणी दिसलं नव्हतं, कारण तिथे ते स्वतःच गेले होते. म्हातारा खोटं बोलला नव्हता. एकदाही नाही.

पण आल्सीदनी पत्र लिहिलं असतं तर त्यात पूर आला असता. हे दहा शब्दांचं पत्र. नमस्कार नाही, कृपया नाही, कळावे नाही. शुक्रवारी कोरीनला ते उर्मट वाटलं होतं, घाईत लिहिलेलं वाटलं होतं. आता तिनं ते एकेका अक्षरानं वाचलं. एकेक अक्षर वेचायला ज्याला श्रम पडतात तो माणूस शब्द उधळत नाही. हात आल्सीदचा होता. बोलणं दुसऱ्याचं होतं.

आणि मग तिला आठवलं की शुक्रवारी त्या पडद्यावर एक अक्षर उमटलं होतं, आणि ते कुठलं होतं हेसुद्धा तिनं पाहिलं नव्हतं. तीन दिवस ती गावभर विचारत हिंडली होती. ज्या बाईच्या नावचा चेक, तिला सोडून सगळ्यांना.

६

सोमवारी सकाळी तिनं रेआलला आणि फेर्नांदला बाहेर जायला सांगितलं. खुर्ची ओढून ती ओदीलसमोर बसली, डोळ्याला डोळा येईल अशी.

"तू विमावाल्यांना पत्र लिहिलंस का?" तिनं विचारलं, आणि गप्प राहिली.

वाट बघणं तिला वाटलं होतं त्याहून अवघड गेलं. दोनदा तिच्या तोंडाशी वाक्य आलं, दोनदा तिनं ते गिळलं. ओदीलची नजर पडद्यावर इकडून तिकडे फिरत होती. मग यंत्र बोललं.

"उशीर केलात."

आणि आणखी बऱ्याच वेळानं: "हो. मीच."

पुढचा तास कोरीन जन्मात विसरणार नव्हती. ओदीलनं थांबत थांबत सगळं सांगितलं. इंग्रिडनं ऑगस्टमध्ये समजावलं होतं की ट्रस्टमधला पैसा फक्त ओदीलसाठी, त्यातलं काही कुणाला देता यायचं नाही. समजलं ना, असं विचारून इंग्रिड तिच्या उत्तराआधीच पुढच्या पानावर गेली होती. त्याच दिवशी तिनं रेआलला नाही म्हटलेलं ओदीलनं ऐकलं. कागद फाडल्याचंही ऐकलं. फेर्नांदकडून तो चिकटवून घेतला तिनंच.

भिंतीपलीकडे पाणी बादलीत पडतं ते तिला ऐकू येत होतं. तिची मान वळत नव्हती, कान शाबूत होते. तिचा बेत साधा होता. चेक आपल्या नावानं मागवायचा, बुधवारी चर्चच्या गाडीनं आल्सीदबरोबर बँकेत जायचं, छपराचे पैसे देऊन टाकायचे. पण मागच्या बुधवारी ती गाडी आलीच नव्हती.

"बावन्न वर्षं घेतलं," यंत्राचा परका आवाज म्हणाला. "एकदा द्यायचं होतं."

कोरीननं तिला जे सांगायचं ते सांगितलं, काही न लपवता. चेक तिच्या नावावर एक तारखेला दिसला तर महिन्याचे पैसे बंद. दुसऱ्याला देऊन टाकले तर सरकार म्हणणार, मुद्दाम गरीब झालीस, आणि तीन वर्षांपर्यंत दार बंद ठेवू शकतं. वैद्यकीय मदतही त्यालाच बांधलेली. म्हणजे फेर्नांदचा पगारही.

ओदीलचे डोळे पडद्यावर गेले आणि तिथेच थांबले.

"फेर्नांदचं कुणी सांगितलं नाही."

"रेआलला सांगितलं होतं."

"चेक माझा. सांगितलं रेआलला."

इंग्रिडची चूक होती, पण तिची एकटीची नव्हती. खिडकीमागच्या एकतीस वर्षांत चाकाच्या खुर्चीत बसलेल्या किती माणसांच्या डोक्यावरून आपण मागे उभ्या असलेल्यांशी बोललो, त्याची गणती तिला करता आली नसती. तिनं ओदीलची क्षमा मागितली. ओदीलनं त्यावर काही अक्षरं खर्च केली नाहीत, पण तिचा चेहरा निवळला.

"चेक कुठे आहे?"

"आल्सीद. बंद पाकीट."

कोरीननं खिडकीतून हात केला. समोरच्या घरात पडदा हलला. म्हातारा सकाळपासून तिथेच उभा असावा. रस्ता ओलांडून तो आला, आत येऊन आधी ओदीलकडे बघत राहिला, आणि पडद्यावर "द्या" उमटल्यावरच त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून न उघडलेलं पाकीट काढलं.

७

दुपारी इंग्रिड आली. कोरीननं तिला मागच्या ओट्यावर नेऊन दोन गोष्टी सांगितल्या, त्यांतली एक जरा कडक होती. इंग्रिड आत येऊन ओदीलसमोर बसली आणि ट्रस्टचा कागद पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली, दर पानाला थांबून. यावेळी ओदीलनं सात प्रश्न विचारले. एकाचं उत्तर इंग्रिडला आलं नाही. तिनं ते वहीत लिहून घेतलं.

छपराचा प्रश्न कोरीननं काढला. नियम म्हणतो, पैसा ओदीलच्या हितासाठी हवा. बरं. ओदील राहते कुठे? याच घरात. छप्पर किती? एक. अर्धं छप्पर गळकं ठेवून अर्ध्याखाली कोरडं राहता येतं का? आज रेआलची खोली गळते, उद्या पाणी भिंतीतून पलीकडे येणार. ओदीलला या घरात मरेपर्यंत राहायचा हक्क रेआलनं लिहून द्यायचा, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको, आणि ट्रस्टनं तिच्या डोक्यावरचं छप्पर दुरुस्त करायचं. त्या छपराखालच्या दुसऱ्या खोलीत कोण झोपतं, हा सरकारचा प्रश्न नाही.

इंग्रिडनं डोळे मिटून विचार केला. मग हा एका खोलीचा प्रश्न आहे, घराचा नाही, असंच आपण धरून चाललो होतो, असं तिनं कबूल केलं. तिनं राहायच्या हक्काचा तो कागदही करायला घेतला.

रेआल दाराशी उभा राहून सगळं ऐकत होता. फेर्नांद मात्र बोलली, आणि पाऊण तास बोलली. त्यात मधेच आपल्या गुडघ्यांचंही सांगून टाकलं. ओदीलनं तिला सांगितलं की ते तिला वर्षभरापासून ठाऊक आहे, उचलताना हाडं वाजतात. मग ओदीलनं इंग्रिडकडे पाहिलं आणि यंत्र म्हणालं, "उचलायचं यंत्र. ट्रस्टमधून. चालेल?" ते चालणार होतं. फेर्नांद एप्रननं डोळे पुसत चहाचं पाणी ठेवायला गेली.

एकोणतीस तारखेला चेक ट्रस्टमध्ये जमा झाला. ऑक्टोबरचे सरकारी पैसे परत करावे लागणार होते, दरमहा थोडे थोडे कापून. एवढ्यावर भागलं.

पण सोमवारी सगळे पांगल्यावर ओदीलनं कोरीनला थांबवून घेतलं होतं.

"छप्पर माझ्या हिताचं. ती भेट नाही."

कोरीननं तिला खोटं समाधान दिलं नाही. ट्रस्टचा पैसा भेट व्हायचा नाही, कायदा तसा नाही, म्हणाली. मग ती थोडी पुढे झुकली. "पण तुझ्या बँकेतल्या खात्यात जे थोडं साठलंय, महिन्याच्या पैशांतलं, ते तुझं. त्यातून तू काय आणतेस हे विचारायला कुणी येत नाही. मी एकतीस वर्षं कधी विचारलं नाही."

छप्पर पहिल्या बर्फाआधी झालं नाही, अर्ध्या बर्फात झालं. तीन माणसं चार दिवस वर ठोकत होती. पाचव्या दिवशी दुपारी दुकानाची गाडी आली आणि दोन जणांनी एक लांबलचक खोकं रेआलच्या खोलीत नेऊन ठेवलं. कोरीन नेमकी तिथेच होती. ओदीलनं तिला यायचं कळवलं होतं, कारण सांगितलं नव्हतं. आल्सीदही जेवून आले होते, स्वच्छ सदरा घालून.

रेआल कामावरून आला. खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही. मग ओदीलची खुर्ची ढकलत सगळी त्याच्या दाराशी गेली. बादली गेली होती. डागाची गादी अंगणात पडली होती. पलंगावर कोरी जाड गादी, आणि रेआल हातात पावती घेऊन उभा. पावतीवर पैसे देणाऱ्याच्या जागी बहिणीचं नाव होतं.

"तुला कुणी सांगितलं होतं गं," तो म्हणाला. "तुझ्याकडे होतं किती, आणि त्यातलं..."

ओदीलची नजर पडद्यावर फिरली. कुणी मधे बोललं नाही. फेर्नांदसुद्धा.

"झोपून बघ."

तो अवघडला. सगळ्यांसमोर, भरदिवसा. मग तसाच कामाच्या कपड्यांत पलंगावर आडवा झाला, आणि त्या जाड गादीत त्याची पाठ हळूहळू सैल होत गेलेली दारातून दिसली. त्यानं छताकडे पाहिलं. ते कोरडं होतं. त्यानं डोळ्यांवर हात आडवा घेतला आणि त्याचे खांदे हलू लागले.

ओदील पुन्हा अक्षरं वेचत होती. सगळे थांबले.

"बूट काढ," यंत्र म्हणालं.

रेआल हातामागून हसायला लागला, आणि उठून, रडत, हसत, एकेक बूट काढू लागला.